रुग्णालयात रंग-सूर घेऊन जाणारं कुणी आहे का इथे? (पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो)

कोरा कागद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर एका रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं. गंभीर आजारी माणसांच्या खाटेशी जायचं, त्यांच्याबरोबर चित्रं काढायची, असं काम. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, लसींचे कागद दिले, ओळखपत्र गळ्यात आलं. परवा पहिला दिवस होता. चोवीस रंगांचा डबा, ब्रशांचा संच, चिकणमाती, चमकी, सगळं एका पिशवीत कोंबून निघालो. दुकान थाटायलाच निघालो होतो म्हणा ना.

पहिल्या खाटेवरचे गृहस्थ झोपले होते. दुसऱ्या खाटेवरच्या आजींनी मी तोंड उघडायच्या आत "नको रे बाबा, माझे हात थरथरतात" म्हणून टाकलं. तिसरे डायलिसिसवर होते, पन्नाशीचे असतील. डावा हात मशीनला जोडलेला, उजवा मोकळा. "शाळा सुटली तेव्हापासून पेन्सिल धरलेली नाही" म्हणाले, पण धरली. एक रेघ ओढली तर कागदच सरकला. पुन्हा ओढली, पुन्हा सरकला. त्यांना ओशाळल्यासारखं झालं आणि मला त्यांच्याहून जास्त. मग मी म्हटलं, "अहो सोपं असतं, हे बघा," आणि त्यांच्यासमोर दोन मिनिटांत एक पक्षी काढून दाखवला. चांगला निघाला होता, खोटं कशाला बोलू. ते म्हणाले, "छान. हात चांगला आहे तुमचा." आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर पडताना सिस्टरनी पिशवीतली चमकी बघून जी हजेरी घेतली ती वेगळीच.

पुढच्या मंगळवारी पुन्हा जायचंय. पाय उचलत नाहीये. हे काम करणारं इथे कुणी असेल तर सांगा, तुम्ही नेमकं काय करता? की हे आपल्या वकुबातलं नाही असं समजून सोडून द्यावं?

सहज डोकावलो

वेगळा विषय. प्रतिसाद वाचायला थांबलोय.

जुनी वही

काका, सोडू नका. मी अकरा वर्षं जातेय आणि पहिल्या वर्षात तुमच्यासारखे निदान वीस पक्षी काढले असतील.

पण स्पष्टच सांगते, पक्षी काढलात तिथे ती भेट संपली. आजारी माणसाचं सगळं दिवसभर दुसरेच करत असतात. कूस दुसरे बदलून देतात, रक्त दुसरे काढून नेतात, घोट कधी घ्यायचा तेही दुसरेच ठरवतात. त्यात आपण जाऊन हेही आम्हालाच कसं छान येतं ते दाखवून येतो. त्यांनी "हात चांगला आहे तुमचा" म्हटलं ते कौतुक नव्हतं हो, निरोप होता.

आता कामाचं बोलते. त्या दिवशी खरी अडचण होती ती सरकणारा कागद. एक हात अडकलेला असला की कागद धरायला दुसरा हात नाही, ही गोष्ट आपल्याला सुचतच नाही, कारण आपला डावा हात न सांगता कागद दाबून धरत असतो. जाड पुठ्ठ्याची पाटी घ्या, कागदाचे चारही कोपरे कागदी चिकटपट्टीने पाटीवर लावा, आणि पाटीखाली घसरू न देणारा रबरी तुकडा ठेवा. पेन्सिल किंवा ब्रशच्या दांड्याला फोमची नळी चढवा. बोटांत ताकद नसलेल्यांना जाड दांडा सोपा पडतो.

कागद हाताच्या पंजाएवढा. मोठा पांढरा कागद धडधाकट माणसालाही धडकी भरवतो, आणि दहा मिनिटांत तो भरत नाही. अर्धवट राहिलेला मोठा कागद उशाशी बघत पडणं फार वाईट. मी तर कोरा कागद देतच नाही (तुमच्या आयडीची क्षमा मागून). आधीच एक ओघळ किंवा वाकडी रेघ असलेला देते, म्हणजे सुरुवात कुणी करायची हा प्रश्न राहत नाही.

चोवीस रंग नकोत. दोन पुढे धरायचे. "हा की हा?" ज्यांना बोलता येत नाही ते नजरेने निवडतात. एक बाई फक्त पापण्या मिटून सांगायच्या आणि मी लावायचे. त्या चित्रात माझा हात होता, पण चित्र पूर्ण त्यांचं होतं. एकदा मी हिरवा जरा जास्त लावला तर डोळे वटारले होते त्यांनी!

खुर्ची ओढून बसा, म्हणजे नजर त्यांच्या पातळीला येते. खाटेवर बसू नका. दहा-पंधरा मिनिटं पुरेत, त्यांना दम लागण्याआधी आपण उठायचं. आणि "नको" म्हणणाऱ्या आजींना पुढच्या वेळी पुन्हा भेटा, पिशवी न उघडता.

रात्रपाळी

वॉर्डात काम करते, म्हणजे त्या चमकीवाल्या सिस्टरच्या जातकुळीतली. :) राग मानू नका काका, पण चमकी एकदा सांडली की आठवडाभर निघत नाही. चादरीत, जखमेच्या पट्टीत, नळीच्या तोंडाशी, कुठेही सापडते.

स्वयंसेवक प्रेमाने येतात, पण आमच्या पोटात गोळा का येतो ते सांगते.

वॉर्डात शिरल्यावर आधी आमच्याकडे या आणि "आज कुणाकडे जाऊ नको?" असं विचारा. कुणाकडे जाऊ, असं नव्हे. रात्रीत काय काय झालेलं असतं ते खाटेवरच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

हात प्रत्येक खाटेआधी आणि नंतर स्वच्छ करायचे. साधारणपणे अल्कोहोलचा द्रव चालतो, पण जुलाबाचे काही संसर्ग असे असतात की त्यांचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण-पाणीच लागतं. दारावर पाटी असेल तर ती वाचा, कळली नाही तर विचारा.

एकाची माती दुसऱ्याला द्यायची नाही. रंगाचं पाणी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर न्यायचं नाही. साठलेल्या पाण्यात वाढणारे जंतू निरोगी माणसाला काही करत नाहीत, पण ज्याच्या पांढऱ्या पेशी केमोने तळाला गेल्यात त्याला ते महागात पडतात. म्हणूनच अशा खोल्यांत फुलं, कुंड्या, वाळलेली पानंसुद्धा नेऊ देत नाहीत. पानांचं कोलाज ही कल्पना बाहेर कितीही सुंदर असो. खडू, कागद ज्याचे त्याच्याकडेच राहू द्यायचे. जे परत न्यायचं ते पुसता येणारं हवं.

प्लेटलेट कमी असलेल्यांजवळ कात्री, सुई, टोकदार काही नको. कागद फाडून चिकटवता येतो, फाडलेली कडा कापलेल्या कडेपेक्षा छानच दिसते म्हणे. ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती, फवारा, तेलकट द्रावण अजिबात नाही. उग्र वासाचे रंग-डिंक नकोत, केमोवाल्याला नुसत्या वासाने उलटी होते. फुगे नेऊ नका, लॅटेक्सची ॲलर्जी कुणाला असते ते माहीत नसतं.

तुमच्या डायलिसिसवाल्या काकांबद्दल: फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) शक्यतो कमी वापराच्या हातावर करतात, म्हणून उजवा मोकळा होता. डावा हात हलता कामा नये, आणि सुईची जागा सतत दिसत राहिली पाहिजे. पाटी, कागद, पांघरूण काहीही त्या हातावर येऊ देऊ नका. सुई निसटली आणि झाकलेलं असलं तर कळायला उशीर होतो, आणि तिथे उशीर परवडत नाही. चार तासांतल्या शेवटच्या टप्प्यात बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात. तुम्ही कितव्या तासाला गेला होतात? डोळे मिटले त्यात पक्ष्याचा दोष कमी असेल कदाचित.

आणि मशीन वाजलं तर बटण दाबायचं नाही. हाक मारायची. (हे लिहावं लागतंय, यातच काय ते समजा.)

कोरा कागद

रात्रपाळी, तिसऱ्या तासाला गेलो होतो. हे कुणी सांगितलंच नव्हतं. जुनी वही, "निरोप होता" हे वाचून पेन खाली ठेवलं. बरोबर आहे तुमचं.

पुरावा दाखवा

भावना पोचल्या. पण या सगळ्याचा रुग्णाला मोजता येण्यासारखा फायदा होतो का? की बरं वाटतं ते मुख्यतः स्वयंसेवकाला? खोचक वाटेल, पण प्रामाणिक प्रश्न आहे.

आलेखन

योग्य प्रश्न. मी कलोपचाराचं (आर्ट थेरपीचं) रीतसर शिक्षण घेतलंय, म्हणून थोडं लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा काढला. त्याआधीचं नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण रॉजर उलरिच यांचं, १९८४ चं. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं, निम्म्यांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. ही कला नव्हे, नुसती खिडकी, पण पडल्या पडल्या काय दिसतं याला महत्त्व आहे हे त्यानंतर लोक गांभीर्याने घेऊ लागले. कर्करोगाच्या रुग्णांसाठी संगीत या विषयावर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०२१ चा आढावा आहे, ८१ चाचण्यांचा. प्रौढांची चिंता, वेदना, थकवा यांत फरक पडतो असं दिसतं.

आता दुसरी बाजू. त्यातल्या बऱ्याच चाचण्या लहान आहेत, आणि गाणं ऐकणाऱ्याला आपण गाणं ऐकतोय हे कळू न देता चाचणी करणार कशी? म्हणून पुराव्याची प्रत मध्यम ते कमी. गाठ लहान होते, आयुष्य वाढतं असलं काही कुणी सांगत असेल तर त्याला दाराबाहेर काढा.

पुरावा दाखवा

धन्यवाद. दोन्ही बाजू दिल्यात म्हणून पटलं. स्वयंसेवकाला बरं वाटतं, या मुद्द्यावर मात्र कुणी बोललं नाही.

जुनी वही

बोलते. हो, वाटतं. मला वाटतंच. फक्त ते बरं वाटणं रुग्णाने आपल्याला द्यावं अशी अपेक्षा घेऊन खाटेशी गेलं की गडबड होते. तो हसला नाही तर आपण हिरमुसतो आणि त्याला ते दिसतं. मग तो आपल्यासाठी हसतो. त्याच्याकडे तेवढं बळ नसतं हो.

पेशींची मोजदाद

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

रक्ताचा कर्करोग, मग अस्थिमज्जा प्रत्यारोपण. पाच आठवडे एका खोलीत. केमोच्या एका औषधाने बोटांची टोकं बधिर झाली होती, शर्टाचं बटण लागायचं नाही. एक ताई यायच्या. पहिल्या दिवशी दारातूनच विचारलं, "आत येऊ का?" मी म्हटलं, नको. "बरं. गुरुवारी विचारते," म्हणाल्या आणि गेल्या. चेहरा पडला नाही, "अहो पाचच मिनिटं" नाही, काही नाही.

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. पाच आठवड्यांत मी नाही म्हणू शकेन अशी ती एकमेव गोष्ट होती. सुईला नाही म्हणता येत नाही, गोळीला येत नाही, पहाटे पाचला दिवा लावणाऱ्याला येत नाही. मी तीनदा नको म्हटलं. मजा म्हणून नव्हे, पण थोडी मजा म्हणूनही. चौथ्या वेळी हो म्हटलं.

ज्या दिवशी संसर्गाच्या भीतीने त्यांना आत येऊ देत नसत, त्या दिवशी त्या काचेबाहेर बसायच्या. मी फोनवर सांगायचे, त्या काढायच्या, काचेला लावून दाखवायच्या. "अजून वर. नाही, डावीकडे. माझं डावं." बारा दिवसांत एक पान झालं. काय होतं त्यात? खोलीतल्या आठ गोष्टी, खऱ्याहून मोठ्या. सलाइनचा स्टँड सगळ्यात उंच, पार छताला टेकलेला.

एक विनंती. "वा! काय सुंदर!" म्हणू नका. मला माहीत होतं की ते सुंदर नाही. त्या ताई विचारायच्या, "हा कोपरा रिकामा ठेवायचाय का?" हा प्रश्न चित्र काढणाऱ्याला विचारतात. आजाऱ्याला विचारत नाहीत.

चित्रवेडा

अप्रतिम प्रतिसाद. काचेबाहेरून काढून घेण्यावरून फ्रेंच चित्रकार मातिस आठवला. १९४१ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, मग बराचसा काळ खाट नाहीतर चाकाची खुर्ची. मदतनीस कागद रंगवून द्यायचे, तो कात्रीने आकार कापायचा, आणि भिंतीवर कुठे टाचायचा ते पडल्या पडल्या सांगायचा. लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून खाटेवरून भिंतीवर रेखाटनं करायचा. चित्रकार पॉल क्लेला १९३५ पासून त्वचा ताठरत जाण्याचा आजार. त्याच्या रेषा जाड झाल्या, पण १९३९ या एका वर्षात १२०० च्या वर चित्रं केली त्याने. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो तर १९२५ च्या अपघातानंतर खाटेवर आरसा बसवून स्वतःलाच रंगवत राहिली. ही उदाहरणं रुग्णांना सांगितली तर उमेद येईल.

पेशींची मोजदाद

चित्रवेडा, मनापासून सांगते, नका सांगू. मला एका नातेवाइकाने फ्रिडा काहलो सांगितली होती. मी पडल्या पडल्या विचार केला, म्हणजे आता आजारी पडून वर जगप्रसिद्धही व्हायचं? :)

चित्रवेडा

हाहा. मागे घेतो. जाड रेषेचं तेवढं उपयोगी पडेल, स्वयंसेवकांना.

मंद्र

मी बासरी वाजवतो, उपशामक विभागात (गंभीर आजाऱ्यांचा त्रास हलका करतात तिथे) जायचा विचार आहे. आवडीची गाणी विचारून वाजवावीत का? मित्राच्या वडिलांसाठी एकदा त्यांचं लाडकं गाणं वाजवलं तर ते हमसून रडले, घरच्यांनी मला थांबवलं. अजून अपराधी वाटतं.

आलेखन

रडले म्हणजे बिघडलं, असं नाही. पण थांबायचं की नाही ते रुग्णाला विचारायला हवं होतं, घरच्यांनी नाही आणि तुम्हीही नाही ठरवायचं. "थांबू का?" एवढे दोन शब्द.

संगीतोपचारात एक जुनं तत्त्व आहे: माणूस जिथे आहे तिथून सुरू करायचं. श्वास जलद चालला असेल तर त्याच्या लयीशी जुळेल असं काहीतरी आधी वाजवायचं, आणि मग लय हळूहळू उतरवत न्यायची. घाबरलेल्या माणसावर एकदम संथ आलाप सोडला तर त्याला तो आपला वाटत नाही. तुम्हाला हे सगळं करायचं नाहीये, ते प्रशिक्षितांचं काम, पण छातीच्या वर-खाली होण्याकडे एक डोळा ठेवलात तरी खूप. ओळखीच्या गाण्यात आठवणी असतात, अनोळखी सुरावट कमी मागते. शेवटच्या दिवसांत बऱ्याचदा तीच बरी.

बासरीला एक अडचण आहे, फुंकर. बंद खोलीत, प्रतिकारशक्ती गेलेल्या रुग्णाजवळ, बहुधा परवानगी मिळणार नाही. आधी विचारून घ्या. तारवाद्य असेल तर ते न्या, पुसून.

मंद्र

फुंकरीचा विचार डोक्यात आलाच नव्हता! गिटार थोडी येते, ती काढतो माळ्यावरून.

रंगरेषा

काका, त्या डायलिसिसवाल्यांना फक्त उजळ रंग द्या. काळा अजिबात देऊ नका, काळा निवडणं म्हणजे खोल नैराश्याचं लक्षण. चित्रावरून मनातलं सगळं कळतं.

आलेखन

रंगरेषा, नाही. काळा निवडला कारण काळा कागदावर नीट उमटतो, किंवा तो जवळ होता, किंवा डोळ्यांना दुसरे रंग फिके दिसतात. अशी कोष्टकं व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांना आधार नाही.

हाच मुद्दा सगळ्यांसाठी. 'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये वापरात आणला. त्याआधी १९३८ मध्ये तो स्वतः क्षयरोगाच्या आरोग्यधामात पडून होता, वेळ जाईना म्हणून आजूबाजूचं काढत बसला, मग इतर रुग्णांना काढायला लावलं. म्हणजे याची सुरुवात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर झाली. पण आज कलोपचारतज्ज्ञ हा वेगळा पेशा आहे, त्याचं शिक्षण आहे, देखरेख आहे. स्वयंसेवकाने उपचार करायचा नाही, चित्राचा अर्थ लावायचा नाही, अर्थ विचारायचाही नाही. रुग्ण आपणहून काही बोलला, जगायची इच्छा नाही वगैरे, तर ते पोटात ठेवायचं नाही, सिस्टरना सांगायचं. बाकीचं पोटातच ठेवायचं.

मधली मुलगी

"बाकीचं पोटातच ठेवायचं" यावर लिहितेच.

बाबा शेवटचे दोन महिने रुग्णालयात होते. एक स्वयंसेवक यायचे, चांगले होते. बाबांनी त्यांच्याबरोबर बसून आमच्या जुन्या घराचा जिना काढला. फक्त जिना. पायऱ्या मोजून काढल्या, सतरा. बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी तो जिना मला एका अनोळखी माणसाच्या पोस्टमध्ये दिसला. खाली मृत्यूला सामोरं जाणाऱ्या योद्ध्याबद्दल चार ओळी आणि हृदयाची चिन्हं. बाबांचा हातही होता फोटोत, सुईसकट. तो हात मी लगेच ओळखला.

विचारलं तर म्हणाले, "नाव कुठे टाकलंय? लोकांना प्रेरणा मिळेल." पोस्ट काढली त्यांनी, पण मूळ कागद त्यांच्याकडेच होता. तो मिळवायला मला दोनदा जावं लागलं.

बाबा योद्धे वगैरे नव्हते हो. चिडायचे, कंटाळायचे. त्यांना जिना काढायचा होता, काढला.

जुनी वही

मधली मुलगी, वाचून हात थंड पडले. आमच्याकडे नियम आहे, फोन पिशवीबाहेर काढायचाच नाही. कागद जाताना रुग्णाच्या उशाशी. त्यांनी "तुम्ही ठेवा" म्हटलं तरी मी सिस्टरकडे पाकिटात देते, घरच्यांचं नाव घालून.

शब्दांचं काम करणाऱ्यांसाठी हेच अधिक जपून. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी एक पद्धत बसवली आहे: आयुष्य संपत आलेल्या माणसाला ठरावीक प्रश्न विचारायचे, ते बोलणं ध्वनिमुद्रित करून उतरवायचं, नीटनेटकं करायचं, त्यांना वाचून दाखवायचं, दुरुस्त्या घ्यायच्या आणि मगच ज्यांना द्यायचं त्यांना द्यायचं. मी तेवढं रीतसर करत नाही, प्रशिक्षण नाही माझं. पण वाचून दाखवण्याची पायरी मात्र कधी गाळत नाही. एका आजोबांनी वाचून झाल्यावर सांगितलं, "भावाबद्दलचं ते वाक्य काढ." काढलं. ते काय होतं ते मी इथेही सांगणार नाही.

सहज डोकावलो

वाचनखूण साठवली. मुलांच्या वॉर्डाबद्दल कुणी लिहील का?

रात्रपाळी

थोडक्यात. तिथे विदूषक येतात ते मला सगळ्यात शिस्तीचे वाटतात. ही प्रथा १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मायकेल क्रिस्टेन्सन या सर्कसवाल्याने सुरू केली, आता बऱ्याच देशांत आहे. चांगला विदूषक दारातच थांबतो, मूल "जा" म्हणालं तर धडपडत, आपटत निघून जातो, आणि त्या जाण्यालाच मूल हसतं. रंगवलेल्या तोंडाला घाबरणारी मुलं असतात, म्हणून नुसतं लाल नाक पुरतं. मोठ्यांच्या वॉर्डात आलेल्यांनीसुद्धा ते दारात थांबणं शिकून घ्यावं.

कोरा कागद

तीन आठवड्यांनी लिहितोय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून.

पहिल्या मंगळवारी आजींकडे गेलो, पिशवी बाहेर ठेवून. त्यांच्या शेजारी पंधरा मिनिटं बसलो. त्यांनी त्यांच्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या. चित्रकलेचा विषय निघाला नाही. पुढच्या मंगळवारीही तेच, सून मात्र थोडी सुधारली होती. गेल्या वेळी खाट रिकामी होती. कुठे गेल्या ते विचारलं, सिस्टर नुसत्या माझ्याकडे बघून मान हलवत्या झाल्या. त्या दिवशी पुढे कुठे जाववेना, पण डायलिसिसवाल्यांना येतो म्हणून सांगितलेलं होतं.

त्यांच्याकडे आता पहिल्या तासाच्या शेवटी जातो. पाटी केली आहे, कागद चारही कोपऱ्यांनी पक्का, खाली रबर. दांड्याला फोम. पहिल्यांदा मी पाटी मांडीवर ठेवली आणि गप्प बसलो. फार जड गेलं. आयुष्यभर फळ्यापुढे उभा राहून बोललेला माणूस मी. दोन पेन्सिली पुढे धरल्या, निळी आणि काळी. त्यांनी काळी घेतली (रंगरेषा, माफ करा).

बराच वेळ काही नाही. मग त्यांनी एक चौकोन काढला. त्याला चिकटून दुसरा. मग तिसरा. मला वाटलं जाळी काढतायत. सातव्या-आठव्या चौकोनाला मी वर पाहिलं. छत! पांढऱ्या चौकोनी फरशांचं खोटं छत, त्यांच्या खाटेच्या बरोबर वरचं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, तीन वर्षं ते बघतायत ते. एका फरशीवर पाणी मुरल्याचा डाग आहे. त्यांनी तो वर न बघता काढला. मी मान वर करून ताडून पाहिला, खालचा बारीक फाटासुद्धा बरोबर होता.

माझ्या तोंडावर "वा" आलं होतं, गिळलं. विचारलं, "हा चौकोन रिकामा ठेवायचाय का?" म्हणाले, "तिथे दिवा आहे. दिव्याला काय काढणार? कागदच राहू दे तसा."

मग पेन्सिल माझ्या हातात परत देत म्हणाले, "फार बोथट आहे ही. शुक्रवारी येणार असाल तर कडक शिशाची आणा. डागाच्या कडा नीट येत नाहीत."

माझा वार मंगळवार. शुक्रवारी जाऊ का, नियमात बसतं का, कुणी सांगेल?

जुनी वही

कार्यालयात विचारून, नाव लिहून जा. अदलाबदल चालते बहुतेक ठिकाणी. आजींचं वाचलं. त्या रिकाम्या खाटेबद्दल कधी बोलावंसं वाटलं तर मला व्यनि करा, मध्यरात्रीही चालेल.

रात्रपाळी

कडक शिशाची म्हणजे एच (H) छापाची पेन्सिल घ्या, आणि टोक घरूनच काढून न्या. तिथे शार्पनर उघडू नका, त्यांना डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून औषध दिलेलं असतं, पात्याने बोट कापलं तर लवकर थांबायचं नाही. दोन-तीन टोकदार करून न्या, वर टोपणं लावून. खिशात नको, डब्यात.